रोज कमरेला काय राहील? बत्तीस, बावीस आणि आमची बॉर्डर

सातशे ग्रॅम म्हणजे काहीच नाही असं मला वाटायचं. आमचा धंदा काजू बीचा, सीझनला दिवसभर पोती काट्यावर चढतात उतरतात, त्यात सातशे ग्रॅम म्हणजे दोन-तीन ओंजळी बी, कोण बघतंय. पण तेच सातशे ग्रॅम लोखंड, म्हणजे परवान्याचं रिव्हॉल्वर, सकाळी आठपासून रात्री नऊपर्यंत कमरेच्या एकाच बाजूला लटकलं, त्यात गाडीत बसायचं उठायचं, वाकून पोत्यात हात घालायचा, उन्हाचा घाम, मग चौथ्या दिवशी माणूस ते काढून कपाटात ठेवतो आणि म्हणतो आज कशाला, आज जवळच जायचंय. आणि कपाटातल्या हत्याराचा रस्त्यावर काही उपयोग नसतोय. हे एक वाक्य मला लायसन्स मिळायच्या आधी कुणी नीट समजावून सांगितलं असतं तर माझे दोन-तीन महिने आणि बरीच पायपीट वाचली असती, म्हणून सगळं लिहून काढतोय.

आम्ही कर्नाटकात बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, जांबोटीच्या बाजूचे. फेब्रुवारी संपता संपता बी सुरू होते ती मे अखेरपर्यंत, कणकुंबीकडची, इकडं चंदगड भागातली. शेतकऱ्याला पैसे हातात लागतात, चेक नको म्हणतो, फोन पे आता बरेच जण घेतात पण जंगलातल्या वाड्यांत रेंजच नसते, मग रोख न्यावीच लागते. काही वर्षांमागं एप्रिलमध्ये संध्याकाळी परत येताना जंगलातल्या एका वळणावर दोन मोटरसायकली आडव्या आल्या. ड्रायव्हर हुशार, त्यानं गाडी थांबवली नाही, रस्त्याच्या कडेनं चाक घालून काढली, मागची काच फुटली, माझ्या मानेला काचेचे तुकडे लागले एवढंच. पैसे वाचले, आम्ही वाचलो. कंप्लेंट दिली. पण त्यानंतर पंधरा दिवस मला त्या रस्त्यानं जाताना पोटात गोळा यायचा आणि मी त्याच पंधरा दिवसांत ठरवलं की परवाना काढायचा.

आप्पांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प बसले. आमच्या घरात आजोबांच्या काळची ठासणीची बंदूक होती, पिकं राखायला, डुकरं यायची रताळ्यात आणि भातात, तिचं लायसन्स आप्पांनीच पुढं चालवलं आणि मग वय झाल्यावर जमा करून टाकलं. म्हणजे घराला हत्याराची सवय आहे. तरी आप्पा म्हणाले, "घरात पोरं आहेत. हत्यार आणलंस तर आधी पोरांचं बघ, मग चोरांचं." मी ते वाक्य जसंच्या तसं डोक्यात ठेवलंय.

अर्जाचं थोडक्यात सांगतो, कारण ते आता सगळीकडं सारखंच आहे. २०१६चे आर्म्स रूल्स आल्यापासून फॉर्म ए-१ भरायचा, डॉक्टरचा दाखला, हत्यार सुरक्षित हाताळायचं ट्रेनिंग घेतल्याचं सर्टिफिकेट, घरात ते नीट कुलपात ठेवायची सोय आहे असं लिहून द्यायचं, मग पोलीस रिपोर्ट. बेळगाव शहरात राहणाऱ्याला पोलीस कमिशनर ऑफिस, आमच्यासारख्या तालुक्यातल्यांना डीसी म्हणजे जिल्हाधिकारी ऑफिस. चौकशीला आलेले साहेब चांगले होते, पहिलाच प्रश्न, "याक बेक्री?", कशाला पाहिजे. मी कंप्लेंटची कॉपी, जीएसटीचे कागद, बँकेतून रोख काढल्याच्या नोंदी सगळं पुढं ठेवलं आणि मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये सांगितलं, त्यांनी नीट ऐकून लिहून घेतलं. नुसतं भीती वाटते म्हणून चालत नाही, तुमच्या जिवाला धोका आहे हे कागदावर दिसायला लागतंय. परवाना पाच वर्षांचा असतो, २०१९च्या दुरुस्तीआधी तीनचा होता, आणि त्याच दुरुस्तीनं एका माणसाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात. मला दोन नकोतच, एक सांभाळतानाच जीव अर्धा होतोय.

आता मुद्द्यावर. सगळे पहिल्यांदा विचारतात नाइन एमएम का नाही घेतलं. मिळतच नाही म्हणून. आपल्याकडं ९ एमएम, .३८, .४५५ हे प्रोहिबिटेड बोअर (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप, प्रोहिबिटेड म्हणजे बंदी असलेलं), पोलीस आणि मिलिटरीचे, साध्या परवान्यावर ते येत नाहीत. म्हणजे खिशात किंवा कमरेला राहील असं काही घ्यायचं तर खरा प्रश्न बत्तीस (.३२ इंच) की बावीस (.२२ इंच) एवढाच उरतो. आणि परदेशी माल? १९८०च्या दशकाच्या मध्यापासून बाहेरून हत्यार आणणं सामान्य माणसाला बंद झालं, त्याआधी आलेली जुनी वॉल्थर, जुनी वेब्ली हातोहात फिरतात आणि त्यांच्या किमती ऐकून माणूस खालीच बसतो. चाळीस-पन्नास वर्षं जुनं पिस्तूल, त्याची स्प्रिंग कधी बदललीय माहीत नाही, पार्ट मिळत नाहीत, आणि त्यावर जिवाचा भरवसा टाकायचा, मला ते पटलं नाही. ज्यांना जुन्या वस्तूंचा नाद आहे त्यांनी घ्यावं, रोज कमरेला लावणाऱ्यानं नको.

हुबळीकडच्या एका गन हाउसमध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा मला एवढंही माहीत नव्हतं की बत्तीस दोन प्रकारचं असतंय. दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी काउंटरवर दोन काडतुसं शेजारी शेजारी उभी केली. एक लांब, खाली रुंद कडा असलेलं, .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६चं जुनं काडतूस, रिव्हॉल्वरचं. दुसरं बुटकं, कडा जेमतेम दिसते असं, .३२ एसीपी, ब्राउनिंगनं १८९९ला पिस्तुलासाठी काढलेलं, ज्याला ७.६५ पण म्हणतात. नावात दोन्हीकडं बत्तीस, पण एकाचं दुसऱ्यात वापरायचं नाही, एसीपी काही रिव्हॉल्वरच्या घरात, म्हणजे काडतूस बसायच्या भोकात, बसतं म्हणून लोक घालतात आणि फसतात. काका म्हणाले, लायसन्सवर फक्त बत्तीस लिहिलेलं असतंय बाबा, काडतूस घेताना तोंडानं पूर्ण नाव सांगायचं आणि हातात घेऊन बघायचं. आणि दोन्ही काडतुसांच्या बुडावर केएफ लिहिलेलं, म्हणजे आपली पुण्याची खडकी, १८६९पासूनची ॲम्युनिशन फॅक्टरी. का कुणास ठाऊक पण ते बघून मला बरं वाटलं, आपल्या ओळखीच्या गावचं काहीतरी आहे असं.

ताकदीचं म्हणाल तर उगाच स्वतःला फसवून घेऊ नये. बत्तीसची गोळी नळीतून निघताना दीडशे ते पावणेदोनशे जूलच्या आसपास एनर्जी घेऊन निघते, रिव्हॉल्वरची जड आणि सावकाश, पिस्तुलाची हलकी आणि जरा जोरात, हिशेब जवळपास सारखाच. ९ एमएम साडेचारशे-पाचशेच्या घरात. म्हणजे बत्तीस तिसरा हिस्सा. आणि बावीस छोट्या नळीतून त्याहून खाली. पण बावीसचा माझा मुख्य आक्षेप ताकदीवर नाहीच. बावीसचं काडतूस रिमफायर, म्हणजे पेटवणारा मसाला बुडाच्या कडेत आतून पसरलेला असतो, तो कडेला एखाद्या ठिकाणी नीट पोचला नसला आणि नेमका घोडा तिथंच आपटला की बार होत नाही. बत्तीसला मधोमध वेगळी टोपी असते, तिथं हा प्रकार फार कमी. टार्गेटवर एखादं काडतूस फुसकं गेलं तर हसून दुसरं घालता येतं. जंगलातल्या वळणावर नाही. रिव्हॉल्वर असेल तर निदान पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतंय, बावीसच्या पिस्तुलात मात्र स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढून ते बाहेर काढायचं, दोन्ही हात लागतात.

तरी मी बावीसचं रिव्हॉल्वर "निडर" हातात घेऊन बघितलं, कारण वजन फक्त अडीचशे ग्रॅम, आठ काडतुसं, ईशापूरच्या रायफल फॅक्टरीनं २०१६ला आणलं तेव्हा किंमत पस्तीस हजारांच्या आसपास होती. खिशात घातलं तर मोबाईलएवढं. बायकोच्या पर्समध्ये सुद्धा राहील असं. मनापासून आवडलं होतं मला ते, पंधरा मिनिटं सोडवेना. पण माझा हात शेतकऱ्याचा, पकडलं की मूठ संपूनही दोन बोटं हवेतच राहिली, नळी बोटाच्या दोन पेरांएवढी, निशाण धरायला जागाच नाही. पाच-सात पावलांच्या पुढं माझा नेम त्यावर लागला नसता हे मला तिथंच कळलं. बारीक हाताच्या माणसाला, किंवा ज्याला जड काही घालताच येत नाही त्याला, त्यात अर्थ असेल. मला नाही.

मग रिव्हॉल्वरं. कानपूरचं साधं बत्तीस, सहा घरांचं, वरून मोडून उघडणारं, जुन्या वेब्लीच्या घाटाचं, सातशे ग्रॅमच्या आसपास. त्याच घाटाचं पण टायटॅनियमच्या मिश्रधातूचं "निर्भीक", कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीनं २०१४ला काढलेलं, दिल्लीच्या निर्भयावरून नाव दिलेलं आणि बायकांसाठी म्हणून जाहीर केलेलं, वजन पाचशेच्या आसपास, तेव्हाची किंमत १,२२,३६०. आणि २०२३च्या ऑगस्टमध्ये आलेलं "प्रबल", त्याचं सिलिंडर (काडतुसांच्या घरांचं फिरतं चक्र) बाजूला उघडतं, नळी ७६ मिलिमीटर, वजन पुन्हा सातशे. २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात कंपन्या केल्या त्यातली कानपूरची जी कंपनी, तिचं हे. आता उत्तर प्रदेशात हरदोई जिल्ह्यातल्या संडील्याला वेब्लीचं नाव घेऊन पण बत्तीस रिव्हॉल्वर बनतंय, म्हणजे पाच-दहा वर्षांपूर्वीपेक्षा निवड बरीच आहे. पिस्तुलात "अशनी", .३२ एसीपी, आठ काडतुसांचं मॅगझिन, अंगाला चपटं बसतं म्हणून कपड्याखाली रिव्हॉल्वरपेक्षा कमी दिसतं, हे कबूल करतो.

पिस्तूल मी सोडलं ते सरावामुळं. माझ्या लायसन्सवर एका वेळी २५ काडतुसं आणि वर्षाला ५०. त्यातलीच सरावाला, त्यातलीच कमरेला. काडतूस स्वस्त नाही आणि नवीन घ्यायला जाताना रिकाम्या पुंगळ्या मोजून दाखवायला लागतात, हिशेब वहीत. आता पिस्तूल तुमच्या हातात न अडकता चालतंय की नाही याची खात्री करायलाच शंभर-दोनशे बार काढावे लागतात असं जाणकार सांगतात, तेवढ्यातच माझा दोन ते चार वर्षांचा कोटा संपेल. रिव्हॉल्वरमध्ये तो प्रश्न नाही, एखादं काडतूस फुसकं गेलं तरी चाप परत ओढायचा. आणि महत्त्वाचं म्हणजे घरात रिकामं करताना उघडलं की सहाच्या सहा घरं डोळ्यांसमोर, आरपार उजेड दिसतो. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी एक नळीत राहू शकतं आणि असल्याच एका राहिलेल्या काडतुसानं घराघरांत अपघात होतात. पोरं असलेल्या घरात मला तो उजेड दिसणारा प्रकार पाहिजे होता. आप्पांचं वाक्य इथं कामाला आलं.

आता निर्भीक की साधं. दोनशे ग्रॅमचा फरक आणि किमतीत बराच. मी पहिल्यांदा साधंच घेणार होतो, इतकंच काय काकांना हो पण म्हणालो होतो. वाचवलं आमच्या शेजारच्या सुभेदार मामांनी. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर झालेले, अठ्ठावीस वर्षं नोकरी. ते म्हणाले, घ्यायच्या आधी एक काम कर, तुझ्या काट्यावरची पाचशेची दोन आणि दोनशेचं एक वजन घे, एका कापडी पिशवीत पाचशे आणि दोनशे, दुसऱ्या पिशवीत नुसतं पाचशे, आणि एकेक आठवडा पट्ट्याला बांधून धंदा कर. मी केलं. सातशेची पिशवी मी चौथ्या दिवशी दुपारी सोडून गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवली आणि ठेवल्यावर अर्ध्या तासानं लक्षात आलं की ठेवलीय. डॅशबोर्डवर रिव्हॉल्वर असतं तर? पाचशेची सहा दिवस राहिली, म्हणून निर्भीक घेतलं. हा प्रयोग मी प्रत्येकाला करायला सांगतो, पैसे लागत नाहीत आणि खोटं बोलता येत नाही. कुठल्याही बोअरच्या वादापेक्षा त्या दोन पिशव्यांनी मला जास्त शिकवलं.

हलक्याचा तोटाही आहे. हलकं हत्यार हाताला जास्त झटका देतं, बत्तीसचा झटका तसा मवाळ, पण पहिल्या सहा बारांत माझा नेम वर वर गेला. सुभेदार मामांनी रायफल क्लबच्या रेंजवर माझ्याकडून आधी रिकाम्या रिव्हॉल्वरचा चाप ओढून घेतला, मग घरी रोज संध्याकाळी भिंतीकडं तोंड करून वीस वेळा, काडतूस वेगळ्या खोलीत कुलपात. नळीवर एक रुपया आडवा ठेवायचा, चाप ओढताना पडला नाही पाहिजे. रिव्हॉल्वरचा चाप लांब आणि जड असतो, घोडा मागं खेचत खेचत जातो, तोच त्याचा सेफ्टी असतोय पण तोच नेम पण बिघडवतो. महिनाभर रुपया पडत होता. मग पडायचा थांबला आणि पुढच्या खेपेला सात मीटरवर सहापैकी पाच एका ताटाएवढ्या जागेत. बत्तीस लाँगला कुणी खेळणं म्हणू नये, २५ मीटर सेंटर फायरच्या स्पर्धेत मोठमोठे नेमबाज हेच काडतूस वापरतात, नेमाला ते फार इमानी आहे. आपल्या बाजूला कोल्हापूरनं राही सरनोबत, तेजस्विनी सावंत, स्वप्नील कुसळे अशी माणसं दिली, त्यामुळं रेंजवर शिकवणारी माणसं शोधली तर मिळतात, लाजू नये, जाऊन विचारावं.

अंगावर कुठं ठेवायचं यावर मी फार वेळ घालवला. कायद्यानं हत्यार होल्स्टरमध्ये (पट्ट्याला लावायच्या म्यानात), पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात पाहिजे, २०१६च्या नियमांत ते स्पष्ट आहे, म्हणजे कमरेला खोचून मूठ दाखवत फिरणं हे नुसतं वाईट दिसत नाही, गुन्हा आहे. पुढं पोटाजवळ लावलं तर गाडीत बसल्यावर नळी मांडीत रुतते. मागं कण्याजवळ लावलं आणि पोत्यावर पाय घसरून पाठीवर पडलो तर हाडच मोडेल. उजव्या कुशीच्या जरा मागं, हात सरळ खाली सोडून मागं नेला की लागेल असं, तिथं बसलं. पँटला पट्टा जाड लागतो, बाजारातला पातळ पट्टा दुपारपर्यंत एका बाजूला ओढला जातो. शर्ट बाहेर सोडलेला, एक साइझ मोठा, आणि पांढरा नाही. आमच्या धंद्यात सगळे पांढरे घालतात, मी पण घालायचो, पण पांढऱ्यातून घामानं सगळा आकार उठून दिसतो. गडद चौकड्याचा घातला की काही कळत नाही. खिशात ठेवायचं असेल तर त्या खिशात दुसरं काहीच नको, किल्ली नको, चिल्लर नको, चापात काय अडकेल सांगता येत नाही.

होल्स्टरची गोष्ट मला सांगायचीच आहे. ऑनलाइन दोन मागवली, एक नायलॉनचं, ढिलं, रिव्हॉल्वर काढलं की तोंड मिटून जायचं, परत आत घालायला डावा हात लागायचा, आणि डावा हात नळीसमोर येतो म्हणजे ते बाद. दुसरं चामड्याचं दिसायला छान पण पंधरा दिवसांत रिव्हॉल्वरच्या स्क्रूंवर तांबूस ठिपके. मग अथणीकडच्या एका चप्पल करणाऱ्या कारागिरांकडं गेलो. आपली कोल्हापुरी म्हणतात ती चप्पल अथणी-निपाणी भागात पण पिढ्यान् पिढ्या होते, २०१९ला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते सुद्धा महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून, त्यात आपला बेळगाव. त्यांचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं असतं, बाजारातलं मऊ चामडं क्रोमच्या केमिकलनं कमावतात, त्यातले उरलेले क्षार घामाबरोबर लोखंड खातात असं पुढं मला कळलं. त्यांनी रिव्हॉल्वर बघायला मागितलं नाही, मीच लाकडाचा तसाच आकार सुताराकडून करून नेला होता, हत्यार उगाच चार जणांच्या हातात कशाला. चामडं भिजवून त्या लाकडावर ताणून बसवलं, दोन दिवस सावलीत वाळवलं, चाप पूर्ण झाकेल असं, तोंडाला दुहेरी पट्टी घालून कडक. शिलाई चपलेसारखीच, चामड्याच्याच वादीनं. असलं होल्स्टर मला कुठल्याच कंपनीनं दिलं नसतं.

पावसाळा हा वेगळाच विषय आहे, कणकुंबीकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यालाच कळेल, मलप्रभा उगम पावते तिथला, जूनपासून कपाटातल्या कपड्यांना पण बुरशी. रात्री होल्स्टरमधून काढायचंच, चामड्यात ठेवून झोपायचं नाही कारण चामडं पाणी धरून ठेवतं. सुक्या कापडानं पुसायचं, तेलाचा नुसता हात फिरवायचा, जास्त तेल काडतुसाच्या टोपीत गेलं तर काडतूस खराब. टायटॅनियम गंजत नसलं तरी सगळे पार्ट टायटॅनियमचे नसतात, स्क्रू आणि स्प्रिंगा बघायच्या. कमरेची काडतुसं मी दर वर्षी सरावात संपवतो आणि नवी कमरेला लावतो, म्हणजे वर्षभर घाम खाल्लेलं जुनं काही राहत नाही आणि कोटा पण वाया जात नाही.

जनावरांचं कुणी तरी विचारेलच. भीमगड अभयारण्य आमच्या शेजारी, अस्वलं आमच्याकडं आहेत आणि माणसांवर हल्ले होतात, गवे रस्त्यात उभे असतात. बत्तीस त्यासाठी नाही. अस्वलाला दीडशे जूलची गोळी लागली तर ते आणखी चवताळेल. जंगलात जाताना मोठ्यानं बोलत जायचं, पहाटे काजूच्या बागेत एकट्यानं जायचं नाही, हेच खरं.

वापरायचं कधी, यावर सुभेदार मामांनी मला एक पूर्ण संध्याकाळ बसवून सांगितलं आणि मी वकिलाकडं जाऊन पण समजून घेतलं. स्वसंरक्षणाचा हक्क पूर्वी आयपीसीत ९६ ते १०६ कलमांत होता, १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत ३४ ते ४४. हक्क आहे, पण गरजेपुरताच. पैसे घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर ते संरक्षण नाही. मामा म्हणाले, "बॅग मागितली तर बॅग दे. पैसे परत मिळवशील. गाडीतून ओढून काढून कोयता उगारला तर मात्र विचार करत बसू नको." त्या एप्रिलच्या संध्याकाळी माझ्याकडं रिव्हॉल्वर असतं तर मी ते काढलं असतं का? मी खूप विचार केला यावर. काढायला नको होतं. ड्रायव्हरनं केलं तेच बरोबर होतं, चालत्या गाडीत चारही बाजूला काचा आणि शेजारी माझा माणूस. हे कबूल करूनही मी परवाना ठेवलाय, कारण प्रत्येक वेळी रस्त्याला कड असतेच असं नाही.

कुठं न्यायचं नाही हे मी स्वतःशी पक्कं केलंय. लग्नात नाही, वरातीत आनंदानं बार काढणाऱ्याला २०१९पासून दोन वर्षं जेल किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे आणि तसं नसतं तरी मी नेलं नसतं. जत्रेत नाही. जेवणावळीत कुणी ग्लास भरला की मी आधी घरी जाऊन ठेवून येतो. बँकेत नाही. इलेक्शन लागलं की पोलीस ठाण्यात जमा, पावती जपून ठेवायची, २०२४च्या लोकसभेला जमा केलं तेव्हा परत आणल्यावर पहिलं काम म्हणजे उघडून, पुसून, प्रत्येक घर बघून घेतलं. खंडेनवमीला मात्र काढतो, रिकामं करून, कोयता, खुरपी, बी फोडायचा अडकित्ता आणि दुकानातला काटा यांच्या शेजारी ठेवून हळद-कुंकू लावतो. आप्पा त्या दिवशी पहिल्यांदा स्वतः हातात घेऊन उघडून बघतात, उजेड दिसला की मान हलवतात आणि खाली ठेवतात.

घरात कपाट भिंतीत बोल्टनं बसवलेलं, किल्ली माझ्याकडं, काडतुसं दुसऱ्या कुलपात. थोरल्याला, तो बारा वर्षांचा आहे, मी सगळं दाखवलंय. लपवून ठेवलं की पोरं शोधतात, दाखवून सांगितलं की कळतं, निदान माझा तरी तसा अनुभव आहे. धाकटीला अजून नाही.

आणि आता बॉर्डर. हे दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या माणसाला बहुतेक सुचणारच नाही पण आपल्याकडं हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. परवान्यावर हद्द लिहिलेली असते. माझ्यावर कर्नाटक. बेळगावहून वेंगुर्ला रोडनं निघालं की हिंडलगा, तुरमुरी, बाची, आणि बाचीच्या पुढं शिनोळी म्हणजे महाराष्ट्र. रस्ता तोच, भाषा तीच, सोयरे तेच, माझी चुलत बहीण शिनोळीत दिलीय, पण कमरेला रिव्हॉल्वर ठेवून मी तो एक किलोमीटर गेलो तर विनापरवाना हत्यार बाळगल्याचा गुन्हा. इकडं चोर्ल्याच्या घाटात तेच, पुढं गोवा. माझा अर्धा माल महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातला. म्हणजे एवढं सगळं शोधून, वजनं बांधून, चामडं कमावून घेतलेलं हत्यार धंद्याच्या अर्ध्या रस्त्याला चालतच नाही. सुरुवातीला एकदा मी तुरमुरीच्या पुढं गेल्यावर आठवलं, घाम फुटला, तिथूनच गाडी वळवून घरी आलो, ठेवलं आणि परत गेलो, दोन तास गेले. हे अर्ज करतानाच लिहायला पाहिजे होतं, मी लिहिलं नाही, कुणी सांगितलं नाही. बॉर्डरवर राहणाऱ्यांनी पहिल्या अर्जातच शेजारच्या राज्यांची हद्द कारणासकट मागावी, बिलं आणि तिकडच्या शेतकऱ्यांच्या पावत्या जोडून. आता मी महाराष्ट्र आणि गोव्यासाठी वेगळा अर्ज दिलाय, दोनदा जाऊन आलो, फाइल फिरतेय.

तोपर्यंत चंदगडच्या बाजूला मी रोख नेत नाही. पाटणे फाट्यावर एका ओळखीच्या दुकानात बसतो, रेंज येते, तिथल्या तिथं शेतकऱ्याच्या खात्यावर टाकतो, ज्याला रोखच पाहिजे त्याला बँकेच्या दारात बोलावतो, आणि चार वाजायच्या आत परत फिरतो. उद्या तिकडंच जायचंय. आत्ताच कपाट बघून आलो, कुलूप आहे, किल्ली आप्पांच्या हातात दिलीय.